जुनी हार्ड डिस्क घ्यावी काय?

वस्तू जुनी घ्यावी की नवी, हा प्रश्न मध्यमवर्गीय घराला नवा नाही. क्रमिक पुस्तके, सायकल, शिवणयंत्र, क्वचित हार्मोनियमसुद्धा आपण जुन्या बाजारातून आणतो आणि चार पैसे वाचल्याचे समाधान मानतो. अलीकडे या यादीत संगणकाच्या हार्ड डिस्कची भर पडली आहे. ‘रिफर्बिश्ड’ अशी चिठ्ठी लावलेली तबकडी पुष्कळदा नव्याच्या निम्म्या किमतीत मिळते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या मोठमोठ्या संगणक-केंद्रांची मागणी वाढून नव्या तबकड्यांच्या किमती चढल्या, तेव्हापासून तर या जुन्या मालाकडे लक्ष अधिकच जाऊ लागले. प्रकल्पाचे काम करणारे विद्यार्थी मला नेहमी विचारतात, “सर, घेऊ का?”

पूर्वी मी या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देत असे, “घ्या.” दोन वर्षांपूर्वी इंदूरला कृष्णपुऱ्यात जे घडले, त्यानंतर माझे उत्तर लांबले. ते लांबलेले उत्तर म्हणजेच प्रस्तुत लेख होय.

माझे आजोळ इंदूरचे. कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या छत्र्यांपासून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर, मामांचे जुने घर आहे. होळकरांच्या दरबारी मराठीचा वापर होता आणि कागद मोडीत लिहिले जात. माझे पणजोबा संस्थानाच्या एका दफ्तरात कारकून होते. त्यामुळे मामांच्या माळ्यावर मोडी कागदांचे काही रुमाल पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. त्यांत जमाखर्च आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, घरगुती पत्रे आहेत. आम्हां कोणालाच मोडी वाचता येत नाही. निदान कागदांची छायाचित्रे तरी काढून ठेवावीत, पुढे वाचणारा भेटला की वाचून घेता येईल, अशा विचाराने मी दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागलो. पहिल्या खेपेस एकोणीसशे पाने झाली. ती मामेबहिणीच्या संगणकावर ठेवली. मे महिन्यात पुन्हा जाऊन आणखी सहाशे चाळीस पाने टिपली. तोवर माझ्या लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. तेव्हा एका दुकानातून दोन टेराबाइटची रिफर्बिश्ड हार्ड डिस्क घेतली, सारी छायाचित्रे तिच्यावर उतरवली आणि कॅमेऱ्याचे कार्ड पुसून टाकले.

डिसेंबरात त्या डिस्कमधून ‘टक्‌ टक्‌’ असा आवाज येऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी ती संगणकाला ओळख देईनाशी झाली. दुकानदाराने मुळीच खळखळ केली नाही. बिलावर एक वर्षाची हमी लिहिली होती, त्याप्रमाणे दोन दिवसांत त्याने दुसरी तबकडी हातात ठेवली. पण हमीने लोखंड परत मिळाले, अक्षरे मिळाली नाहीत. गेलेली माहिती परत काढून देणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे चौकशी केली. त्यांनी तबकडी उघडून पाहिली आणि पृष्ठभागावर ओरखडे उठल्यामुळे आशा नाही असे कळवले.

“पुन्हा फोटो काढू, त्यात काय?” असे मी मामांना फोनवर म्हणालो. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, बाकीचे रुमाल आहेत. पण एकाला पावसाळ्यात वाळवी लागली. तुझ्याकडे फोटो आहेत म्हणून मी ते कागद टाकून दिले.”

त्या रुमालात पणजोबांना त्यांच्या धाकट्या भावाने पाठवलेली पत्रे होती. एकंदर एकशे चाळीस पाने. ती आम्ही कोणी वाचलेली नव्हती आणि आता कोणी वाचणारही नाही. बाकीची पाचशे पाने मी पुढल्या सुट्टीत पुन्हा टिपली.

यात दोष कोणाचा, हा विचार माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत होता. जुन्या मालावर खापर फोडणे सोपे होते. परंतु वस्तुस्थिती नीट तपासली तेव्हा दोषाचा मोठा वाटा माझ्याच पदरात पडला. तो कसा, हे कळण्यासाठी ही वस्तू मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे, असे ते कपाटाएवढे यंत्र होते. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर मावतो. तत्त्व मात्र तेच आहे. चुंबकीय लेप दिलेली काचेची वा ॲल्युमिनियमची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचणारे-लिहिणारे टोक काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असते, यावरून त्या अंतराची कल्पना यावी. एवढ्या बारीक फटीत धक्का, धूळ किंवा झीज यांपैकी काहीही शिरले की टोक तबकडीला घासते. मी ऐकलेली टकटक ही त्या टोकाची, आपली जागा न सापडल्यामुळे पुन्हा पुन्हा केलेली धडपड होती.

आता ‘रिफर्बिश्ड’ या शब्दाकडे वळू. सायकल दुरुस्त करताना घासलेले बेअरिंग बदलतात, नवी साखळी बसवतात. हार्ड डिस्कच्या बाबतीत दुकानाच्या पातळीवर असे काही होत नाही. तेथे तबकडी पुसतात, तपासतात, बिघडलेल्या जागा वगळण्याची नोंद करतात आणि नवी चिठ्ठी लावतात. झिजलेला भाग झिजलेलाच राहतो. या मालाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, उत्पादक कंपनीने स्वतः परत घेऊन, तपासून, स्वतःच्या हमीसह विकलेला. दुसरा, मोठी कार्यालये व माहिती-केंद्रे ठराविक वर्षांनी आपल्या तबकड्या सरसकट बदलतात, त्यांतून सुस्थितीत निघालेला आणि विक्रेत्याने तपासलेला. तिसरा, कोठून आला याचा पत्ता नसलेला, केवळ पुसून चकचकीत केलेला. चिठ्ठी तिघांवरही एकच असते. ग्राहकाची पहिली फसगत येथे होते.

जुनी तबकडी नव्यापेक्षा किती लवकर जाते, याविषयी चांगले अभ्यास उपलब्ध आहेत. २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक तबकड्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षातील तबकड्यांत बिघाडाचे वार्षिक प्रमाण १.७ टक्के होते. तीन वर्षे वयाच्या तबकड्यांत ते ८.६ टक्क्यांच्या वर गेले. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी दाखवले की कंपन्यांच्या माहितीपत्रकांवरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के बिघाड निघतो, पण प्रत्यक्षात दोन ते चार टक्के तबकड्या बदलाव्या लागणे ही सामान्य गोष्ट होती. अलीकडच्या तबकड्या याहून बऱ्या आहेत. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्या सुमारे तीन लाख तबकड्यांची आकडेवारी नियमित जाहीर करते. २०२४ साली तिच्याकडील वार्षिक बिघाड १.५७ टक्के होता.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. वय वाढले की धोका वाढतो, ही एक. आणि नवी तबकडी घेतली तरी धोका शून्य होत नाही, ही दुसरी. पैकी दुसरी गोष्ट आपण सोयिस्करपणे विसरतो.

मग तबकडी घेताना तिचे वय कळेल कसे? प्रत्येक डिस्क स्वतःची एक नोंदवही बाळगते. तिला ‘स्मार्ट’ नोंदी म्हणतात. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ आणि लिनक्सवर ‘स्मार्टमॉनटूल्स’ हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात, त्यांनी ही वही वाचता येते. वहीतील नऊ क्रमांकाची नोंद म्हणजे तबकडी एकंदर किती तास चालू होती त्याची. वर्षाचे तास होतात ८,७६०. दुकानदाराने बदलून दिलेल्या माझ्या तबकडीवर ४१,००० च्या आसपास तास भरले होते. म्हणजे ती साडेचार वर्षांहून अधिक काळ अखंड फिरली होती. पाच क्रमांकाची नोंद वगळलेल्या खराब जागांची, १९७ ची संशयित जागांची आणि १९८ ची वाचताच न आलेल्या जागांची असते. या तिन्ही ठिकाणी मूळ आकडा शून्य हवा. शून्य नसेल तर तबकडी दुकानातच ठेवून यावे. गूगलच्या त्याच अभ्यासात असे दिसले की तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतरच्या साठ दिवसांत अशी तबकडी बंद पडण्याची शक्यता निर्दोष तबकडीच्या ३९ पट होती.

तथापि ही वही म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. याच अभ्यासात निकामी झालेल्या तबकड्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, तबकड्यांच्या मुख्य चार नोंदींत धोक्याची काहीच खूण नव्हती. म्हणजे वही वाईट असेल तर तबकडी घेऊ नये, हे खरे. पण वही चांगली आहे म्हणून निश्चिंत व्हावे, हे खरे नाही.

शिवाय वही खोटीही लिहिता येते. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेट कंपनीच्या मोठ्या तबकड्यांचे एक प्रकरण उघडकीस आले. ग्राहकांनी नव्या म्हणून घेतलेल्या तबकड्या प्रत्यक्षात वापरलेल्या निघाल्या. नेहमीच्या नोंदी पुसून तास शून्यावर आणले होते. पण कंपनीच्या तबकड्यांत ‘फार्म’ नावाची आणखी एक आतली नोंद असते, ती तशीच राहिली होती. तिने पंधरा हजारांपासून थेट पन्नास हजारांपर्यंत तास दाखवले. २०२१ साली ‘चिया’ नावाचे एक आभासी नाणे निघाले होते. ते मिळवण्यासाठी प्रचंड साठवण लागे. ती हौस ओसरल्यावर तेथील तबकड्या बाजारात आल्या असाव्यात, असा संशय व्यक्त झाला. या तबकड्या आपण विक्रेत्यांना दिलेल्या नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले. तात्पर्य, सीगेटची डिस्क असेल तर ‘फार्म’ची नोंदही वाचावी, ‘स्मार्टमॉनटूल्स’च्या नव्या आवृत्तीत ती सोय आहे.

कागदी तपासणीनंतर प्रत्यक्ष तपासणी करावी. सबंध तबकडी एकदा लिहून भरावी आणि पुन्हा वाचून पाहावी. चार टेराबाइटच्या डिस्कला एका फेरीस सात-आठ तास लागतात. रात्री लावून झोपावे. या तपासणीचा आणखी एक लाभ असा की, बाहेरून मोठी क्षमता दाखवणारी पण आत लहानसे कार्ड चिकटवलेली बनावट डबी तिच्यातून सुटत नाही. बिलावर हमीची मुदत आणि तबकडीचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. मुदत निदान एक वर्षाची असावी, आणि ही सारी तपासणी परतीच्या पहिल्या काही दिवसांतच उरकावी.

एसएसडीची गोष्ट निराळी आहे. तिच्यात फिरणारा भाग नसतो. परंतु तिच्या पेशींवर ठराविक वेळाच लिहिता येते. तेव्हा तेथे तासांपेक्षा एकंदर किती लिहिले गेले आणि आयुष्य किती टक्के वापरले, या नोंदी पाहाव्यात. वीज न देता फार काळ ठेवल्यास तिच्यातील मजकूर विरण्याचा संभव असतो. जुनी एसएसडी वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याच्या संग्रहासाठी म्हणूनच योग्य नव्हे.

एवढ्या खबरदारीनंतर मूळ प्रश्न राहतोच: हे सारे करून जुनी तबकडी परवडते काय? थोडे गणित मांडू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, नवी तबकडी आठ हजार रुपयांना आणि जुनी साडेतीन हजारांना मिळते. नवी वर्षात बंद पडण्याची शक्यता दीड टक्का धरू आणि जुनीची सहा टक्के, म्हणजे चौपट. एकच तबकडी ठेवायची असेल तर निवड उघड आहे, नवी घ्यावी. पण सात हजारांत दोन जुन्या येतात. दोन्हींवर तोच मजकूर ठेवला, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता शंभरांत सहाच्या शंभरांत सहा, म्हणजे दहा हजारांत छत्तीस. एकट्या नव्या तबकडीची दहा हजारांत दीडशे. हजार रुपये कमी खर्चून धोका चौथ्या हिश्श्याहून कमी झाला! पहिली गेल्याबरोबर तिच्या जागी दुसरी आणली, तर तो आणखी घटतो.

येथे गणिताच्या प्राध्यापकांनी मला अडवावे अशी अपेक्षा आहे. हा गुणाकार दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच चालतो. दोन्ही तबकड्या एकाच घाण्यातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच कपाटात, एकाच विजेच्या जोडणीवर असतील, तर विजेचा एक झटका, एक गळते छप्पर किंवा एक चोर दोन्ही एकदम नेईल. मामांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राजवाडा आहे. तो १८०१ पासून तीनदा जळला. शेवटची मोठी आग १९८४ सालची. एका छपराखाली ठेवलेल्या वस्तूंचे नशीब एकच असते, हे कृष्णपुऱ्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम येथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी.

म्हणून माझे उत्तर असे. ज्या मजकुराची ती एकमेव प्रत असणार आहे, त्यासाठी जुनी तबकडी घेऊ नये. खरे तर त्यासाठी कोणतीच एक तबकडी पुरेशी नाही. दुसरी किंवा तिसरी प्रत ठेवण्यासाठी मात्र तपासलेली, हमी असलेली जुनी तबकडी अवश्य घ्यावी. पैशांअभावी दुसरी प्रतच न ठेवण्यापेक्षा जुन्या तबकडीवर ठेवलेली दुसरी प्रत केव्हाही चांगली. किमतीतला फरक एक-तृतीयांशाहून कमी असेल तर नवीच घ्यावी, कारण हमीची दोन-तीन वर्षे आपण तेवढ्यासाठी सोडत असतो. बिल न देणाऱ्याकडून काहीच घेऊ नये.

जुना माल घेण्याला आणखी एक चांगली बाजू आहे. चालू स्थितीतील तबकडी भंगारात गेली की तिचा ई-कचरा होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांचीही नोंदणी आहे. नोंदणीकृत विक्रेता असेल तर त्याला प्राधान्य द्यावे.

आणि आपण स्वतः जुनी तबकडी विकणार असलो तर? अमेरिकेतील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट यांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ तबकड्या विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. बाकीच्यांत लोकांची पत्रे होती, क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक होते. नुसते ‘डिलीट’ केल्याने अनुक्रमणिकेचे पान फाटते, पुस्तक तसेच राहते. विकण्यापूर्वी सबंध हार्ड डिस्कवर पुन्हा लिहून घ्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत तुम्ही प्रकल्पासाठी म्हाताऱ्या माणसांच्या आवाजात ओव्या, हाडे, आठवणी ध्वनिमुद्रित करून आणता. त्या मंडळींपैकी काही पुढल्या वर्षी भेटतीलच असे नाही. ते मुद्रण एका पेन ड्राइव्हवर ठेवून तुम्ही परीक्षेच्या अभ्यासाला लागता. माझ्या हातून झाले ते याहून निराळे नव्हते. तबकडी जुनी होती म्हणून ती पत्रे गेली, असे मी काही दिवस म्हणत होतो. वस्तुतः तबकडीने सात महिन्यांत मान टाकली तो तिच्या वयाचा दोष. तोवर मी दुसरी प्रत केली नाही आणि मामांना तसे सांगितलेही नाही, तो माझा.

सध्या कृष्णपुऱ्याच्या कागदांच्या तीन प्रती आहेत. एक मामांकडे नव्या डिस्कवर, एक पुण्यास मामेबहिणीच्या संगणकावर आणि एक माझ्याकडे, त्याच ४१,००० तास फिरलेल्या तबकडीवर. ती अजून चालते. दर दिवाळीला आम्ही तिघे आपापली प्रत उघडून पाने मोजतो आणि फोनवर आकडा सांगतो. मागच्या दिवाळीला तिघांचाही आकडा जुळला. दोन हजार चारशे. मामा म्हणाले, “बरोबर आहे.” आणि थोड्या वेळाने, “एकशे चाळीस कमी.”